हॅलोवीनसाठी मसालेदार सायडर कॉकटेल – गेल्या वर्षी काढा झाला होता, मदत हवीये

उंडगी_मांजर | ७ ऑक्टोबर, रात्री १०:४२

मंडळी, कालच्या कोजागिरीचं उरलेलं मसाला दूध पीत टाइप करतेय, धागा लांबणार आहे, तुम्हीपण काहीतरी घेऊन बसा.

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला. हॅलोवीनच्या आधीच्या शनिवारी आमच्या कल-द-सॅकमधल्या (पुढे बंद असलेल्या गल्लीतल्या) सात घरांपैकी कोणाकडे तरी पार्टी असते. गेल्या वर्षी आमचा नंबर होता आणि मी उत्साहाच्या भरात गरम सायडरचं कॉकटेल करायला घेतलं. दोन गॅलन सायडर चढवलं आणि मसाल्याचा डबा उघडून सुटलेच. दालचिनी पावडर दोन चमचे, लवंगा मूठभर, मिरी, मोठी वेलची, आल्याचा हा एवढा तुकडा किसून, दीड तास खळखळ उकळलं आणि वर बर्बन व्हिस्कीची अख्खी बाटली ओतली. रंग म्हणाल तर पावसाळ्यातल्या डबक्याचा. शेजारच्या बाईंनी पहिला घोट घेऊन अतिशय सभ्यपणे विचारलं की हे तुमच्याकडचं औषध आहे का. आणि आमचाच एक मित्र पेला हातात धरून म्हणतो, "वहिनी, घरात कोणाला सर्दी झालीये?" तेव्हापासून ग्रूपवर माझं नाव काढावहिनी आहे.

यंदा पाळी दुसऱ्यांची होती पण त्यांचं किचन उकरून ठेवलंय म्हणून परत आमच्याकडेच, २५ तारखेला. माणसं तीस, त्यात दहाबारा पोरं, दोघीतिघी न पिणाऱ्या, शिवाय सासूबाई सांगलीहून आल्यात.

मला हवंय ते असं की प्यायल्यावर आधी सफरचंद कळलं पाहिजे, मसाला मागून आला पाहिजे, आणि दिसायला जरा भुताटकी पाहिजे. पोरांना पण त्यातलंच देता आलं तर फार बरं, दोन पातेली सांभाळायचा मला कंटाळा आहे. नवऱ्याच्या डोक्यात ड्राय आइस टाकून धूर काढायचं आहे, त्याची मला खरोखरची भीती वाटतेय.

आळशी_सुगरण | ७ ऑक्टोबर, रात्री १०:५८

मिरी आणि मोठी वेलची?? अगं तमालपत्र तेवढं राहिलं, नाहीतर पुलावच झाला असता. (दिवा घे, म्हणजे हलकं घे)

उंडगी_मांजर | ७ ऑक्टोबर, रात्री ११:०१

तमालपत्र पण होतं एक. सांगायची लाज वाटली.

बोस्टनची_काकू | ८ ऑक्टोबर, सकाळी ७:२०

मांजरे, काढावहिनी हे नाव मला फारच आवडलं, पण पुसून टाकू आपण ते.

पहिलं म्हणजे पावडर. दालचिनीची पूड विरघळत नाही, गरम पाण्यात ती फुगते आणि बुळबुळीत होते, तुझ्या तळाला जो गाळ बसला असेल ना चिकट, तो तोच. कांड्याच घ्यायच्या. मग लवंग. लवंगेच्या तेलाने जीभ बधिर होते, दाताला लावतात ते काय उगाच, आणि एकदा जीभ बधिर झाली की कुठलं सफरचंद आणि कुठलं बर्बन. मोजून घालायच्या, मूठ ही सायडरमध्ये मापाची गोष्ट नाही. आणि दीड तास म्हणजे तू अर्क काढत होतीस बाई.

माझं माप एका गॅलनला, म्हणजे पावणेचार लिटरला: बोटभर लांब दालचिनीच्या चार कांड्या, आठ लवंगा, दोन चक्रीफुलं, आल्याच्या चार पातळ चकत्या (किसायचं नाही, किसलं की तिखट उतरतं), आणि एका संत्र्याची साल, सोलाण्याने काढलेली, पांढरं आलं की कडू होतं म्हणून हलक्या हाताने. हे सगळं मलमलच्या फडक्यात पुरचुंडी बांधून सोडायचं आणि दोऱ्याचं टोक पातेल्याच्या कानाला बांधायचं. कडेकडेने बारीक बुडबुडे दिसायला लागले की गॅस मंद, खळखळ येऊ द्यायची नाही. वीस मिनिटांनी चाखायला सुरुवात, माझं साधारण अर्ध्या तासात होतं. झालं की पुरचुंडी बाहेर. बाहेर म्हणजे बाहेर, "राहू दे अजून पाच मिनिटं" नाही. दालचिनी थोडी जास्त झाली तर चालून जातं, लवंग मात्र पुरचुंडी आत असेपर्यंत उतरतच राहते आणि मग परत तुझं तेच. जायफळ पातेल्यात घालू नकोस, पेला भरला की वर दोनदा किसणीवर फिरव.

एक गोष्ट बहुतेक लोक विसरतात. तापवलेलं सायडर नुसतं गोडगोड लागतं, त्याला आंबट लागतं. पुरचुंडी काढली की गॅलनला दोन टेबलस्पून लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ. सरबताला घालतोच ना आपण, तसंच. साखर, मध, ब्राउन शुगर काही नाही, सायडर मुळातच भरपूर गोड असतं.

आणि दारू पातेल्यात घालायचीच नाही. सायडर स्लो कुकरमध्ये 'वॉर्म'वर ठेवायचं, शेजारी बाटली आणि मापाचं पेलं. ज्याला हवी त्याने आपापल्या पेल्यात घ्यावी. पोरं, न पिणाऱ्या, सासूबाई, सगळ्यांना एकच पातेलं.

वेंधळा | ८ ऑक्टोबर, सकाळी ८:०५

काकू पण दारू उकळली की उडून जाते ना? माझी आत्या रमच्या केकबद्दल हेच सांगते आणि सगळ्यांना वाढते. मग थोडी उकळवली तर एकाच पातेल्यातलं पोरांना का चालू नये.

रसायन_राव | ८ ऑक्टोबर, सकाळी ९:३३

नाही उडत हो. अमेरिकेच्या शेती खात्याचा तक्ता आहे याचा: मंद आचेवर १५ मिनिटं शिजवलं तरी ४० टक्के अल्कोहोल शिल्लक राहतं, अर्ध्या तासाने ३५, तासाने २५, आणि अडीच तास शिजवलं तरी ५ टक्के असतंच. अल्कोहोल ७८ अंशाला उकळतं हे खरं, पण पाण्यात मिसळलेलं असताना ते एकटंच उठून चालतं होत नाही, दोघांची वाफ बरोबर जाते. म्हणजे गेल्या वर्षी मांजरबाईंनी ती बाटली आधी घालून उकळवली असती तर पोरांना देण्याइतकी सौम्य झाली नसती आणि मोठ्यांचे पैसे मात्र वाफेत गेले असते. काकूंचं बरोबर, दारू पेल्यातच.

लंडनचा_बाळ्या | ८ ऑक्टोबर, दुपारी १:१५

एक मिनिट एक मिनिट. तुम्ही सगळे सायडर पोरांना द्यायचं म्हणताय हे वाचून मी हबकलो. आमच्याकडे सायडर म्हणजे दारूच, साडेचार-पाच टक्क्यांची, पबमध्ये बिअरच्या शेजारी नळाला येते ती. मी गेल्या वर्षी एक अमेरिकन पाककृती बघून दोन लिटर सायडर तासभर दालचिनीत उकळलं, आंबटढाण झालं, बायको म्हणाली व्हिनेगर कधीपासून तापवायला लागलास. आज कळलं का ते!!

बोस्टनची_काकू | ८ ऑक्टोबर, दुपारी १:४०

हाहा बाळ्या. इथे नुसतं सायडर म्हटलं की न गाळलेला, गढूळ, तपकिरी सफरचंदाचा रस, दारू नाही. दारूवालं ते हार्ड सायडर. तू तिकडे क्लाउडी ॲपल ज्यूस घे, तेच आमचं सायडर समज.

उंडगी_मांजर | ८ ऑक्टोबर, रात्री ९:१०

काकू मला तुमच्या पाया पडायचंय.

आम्ही दर वर्षी प्रिन्स्टनजवळच्या एका बागेतून सायडर आणतो, सफरचंदं तोडायला जातो तेव्हाच, बरोबर ते सायडर डोनट (ते गाडीतच संपतात). यंदा १२ तारखेला जातोय, पार्टी २५ ला, तेरा दिवस फ्रीजमध्ये टिकेल का? आणि बागेतलं पाश्चराइज केलेलं असतं का नसतं? दोन घरांत गरोदर बायका आहेत.

आळशी_सुगरण | ८ ऑक्टोबर, रात्री ९:२६

तेरा दिवस अजिबात नको! ऐक माझी गोष्ट. मिशिगनला होतो तेव्हा बागेतला एक जग गॅरेजमध्ये ठेवला, थंडी आहे म्हणून, आणि विसरले. दोन आठवड्यांनी बघते तर प्लॅस्टिकचा जग फुगून नगाऱ्यासारखा, बुड गोल झालेलं, त्यामुळे सरळ उभा पण राहीना. नवऱ्याने झाकण जरा फिरवलं आणि फस्स करून गॅरेजच्या छतापर्यंत. गाडीवर, सायकलवर, धुतलेल्या कपड्यांवर. वास मात्र छान होता हं, थोडं आंबूस, थोडं बिअरसारखं. ताज्या सायडरमध्ये यीस्ट जिवंत असतं, ते आपलं काम करत बसतं.

आदल्या दिवशी आण, नाहीतर लगेच आणून फ्रीझ कर. फ्रीझ करणार असलीस तर प्रत्येक जगमधून एक पेलाभर काढून घे आधी, गोठताना फुगतं.

रसायन_राव | ८ ऑक्टोबर, रात्री १०:०२

लेबल वाचा. इथे पाश्चराइज न केलेला रस बाटलीबंद विकताना तशी सूचना लेबलवर छापावी लागते. काही बागा उष्णता न देता अतिनील किरणांखालून रस नेतात, तेही चालतं. १९९६ मध्ये न तापवलेल्या सफरचंदाच्या रसातून ई. कोलाय जंतूची मोठी साथ आली होती, त्यानंतर हे नियम कडक झाले, कारण खाली पडलेली, शेणामातीत लोळलेली सफरचंदं पण घाण्यात जायची. तुम्ही तसंही ते तापवणारच आहात, ७१ अंशाच्या वर गेलं की प्रश्न मिटला, काकूंच्या बारीक बुडबुड्यांना त्याच्या बरंच वर जातं. फक्त त्या दोघींना थंड, कच्चं देऊ नका.

पेठेत_राहतो | ९ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

सर्वपित्री अमावास्या होऊन तीन आठवडे पण झाले नाहीत, तेव्हा पितरांना पान वाढलं का कोणी? आता मात्र भोपळ्याला डोळे काढून भुतांना दारू पाजायची. छान.

फणसगरा | ९ ऑक्टोबर, सकाळी ८:३०

काका, आमच्याकडे रवळनाथाला विचारल्याशिवाय रात्रीचं बाहेर पडत नाहीत, भुतांशी आमचं जुनं आहे, अमेरिकेतल्यांनी वर्षातून एकदा केलं तर करू दे. पितरांना वाढून झालंय, तुम्ही पण एक पेला घ्या.

मांजर, माझ्याकडून दोन गोष्टी. दालचिनी कोणती वापरतेस? तिकडच्या सुपरमार्केटात मिळते ती जाड, कडक, एकाच गुंडाळीची कांडी म्हणजे कॅसिया. आमच्या परड्यात दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली 'कोकण तेज' आहे, ती खरी दालचिनी, पातळ पापुद्र्यांची, बोटाने चुरली जाते आणि वास गोडसर. कॅसिया झणझणीत असते. तुला मसाला मागून यायला हवाय ना, मग सिलोन लिहिलेली कांडी शोध, चारच्या जागी पाच घाल.

दुसरं म्हणजे रक्त. तिकडे कॉर्न सिरपमध्ये लाल रंग घालून पेल्याच्या काठाला लावतात, प्लॅस्टिकसारखं लागतं. अमृत कोकम घे, कढईत निम्मं होईपर्यंत आटव, गार झालं की चिकट आणि काळपट लाल होतं, अगदी सुकायला आलेल्या रक्तासारखं. पेला उलटा करून काठ त्यात बुडव, सरळ केला की आपोआप ओघळ येतात. आणि ते आंबटगोड सायडरला चांगलं पण लागतं. फक्त आगळ घेऊ नकोस चुकून, आगळात मीठ असतं. माझ्या चुलतभावाने केलंय ते, गोव्यात पणजीला, लोकांना वाटलं काठाला मीठ लावलेली मार्गारिटा.

हां आणि काजू फेणी घालून बघा एकदा सायडरमध्ये. ४५ मिली फार होते, ३० बास. नाकाला लागते ती, पण लवंगेशी तिचं जमतं.

थेंबे_थेंबे | ९ ऑक्टोबर, दुपारी १२:१८

फेणीचं अनुमोदन, पण एडिसनमध्ये शोधेपर्यंत हॅलोवीन उलटेल.

मी हौशी बारटेंडर, घरच्यांच्या मते हौस जरा जास्तच. सगळे डोळे मिटून बर्बन घालतात आणि ते चांगलंच लागतं, व्हॅनिला-कॅरमलचा वास सायडरला धरून असतो. पण न्यू जर्सीत राहून ॲपलजॅक न वापरणं म्हणजे नागपुरात राहून संत्रं न खाणं. सफरचंदाची ब्रँडी ती, तुमच्या राज्याचीच, लेअर्डची डिस्टिलरी १७८० पासूनची, जुने लोक 'जर्सी लाइटनिंग' म्हणायचे. पूर्वी थंडीत हार्ड सायडरची पिंपं बाहेर ठेवून वरचा गोठलेला बर्फ काढून टाकायचे, पाणी बर्फात जायचं, खाली राहायची ती दारू. त्याला जॅकिंग म्हणत, नाव तिथून. आता रीतसर ऊर्ध्वपातन करतात. सफरचंदात सफरचंदच पडल्यामुळे चव फाकत नाही. डार्क रम घातलीत तर गुळासारखी लागते, मला ती तिसऱ्या नंबरावर.

माप: १८० मिली गरम सायडर, ४५ मिली ॲपलजॅक किंवा बर्बन, अँगोस्तुरा बिटर्सचे (कडू मसालेदार अर्काचे) दोन फटकारे. बिटर्स टाळू नका, गोडाला कडू लागतंच. पेले आधी गरम पाण्याने विसळून घ्या, नाहीतर जाड काचेचा गार मग अर्धी ऊब खातो.

हिशेब. तीस माणसं दोन-दोन पेले म्हणजे साठ पेले, गॅलनमधून २१ निघतात, तर तीन गॅलन आणा. पिणारे अठरा धरले तर ३६ गुणिले ४५, सोळाशे वीस मिली, म्हणजे पावणेदोन लिटरची एक मोठी बाटली पुरते आणि थोडी उरते. मापाचं पेलं बाटलीला दोरीने बांधून ठेवा. ही चेष्टा नाही, माप नसलं की लोक बाटली तिरकी करून एक-दोन-तीन म्हणतात आणि तीन फार हळू म्हणतात.

कॅलिफोर्नियाचं_ऊन | ९ ऑक्टोबर, रात्री ११:४५

आमच्याकडे ऑक्टोबरात ३० अंश असतं, गरम कोण पिणार. थंड व्हर्जन सांगा कोणीतरी.

थेंबे_थेंबे | १० ऑक्टोबर, सकाळी ७:५५

काकूंच्या पद्धतीने मसाल्याचं सायडर करून रात्रभर फ्रीजमध्ये. मग बर्फावर १२० मिली सायडर, ४५ डार्क रम, अर्धं लिंबू, वर ६० मिली जिंजर बिअर. थंडीत गोडी आणि मसाला दोन्ही दबतात, त्यामुळे मसाला दहा मिनिटं जास्त उतरू द्या. फक्त थंडसाठी हं, मांजरबाईंनी हे वाचलंच नाही असं समजावं.

उंडगी_मांजर | १० ऑक्टोबर, सकाळी ८:४०

वाचलं 😒

भुताटकीचं बोला आता. पोरांनी यादी दिलीये: डोळे, तुटलेला हात, काळं पेय, धूर.

आळशी_सुगरण | १० ऑक्टोबर, सकाळी ९:१२

डोळे सोपे. डब्यातली लिची, पाक निथळून, बी काढलेल्या खळग्यात एकेक ब्लूबेरी दाबून बसवायची. टूथपिकला दोन लावून पेल्यावर आडवी. लिचीच्या कडेला जी गुलाबी झाक असते ना ती डोळ्यातल्या शिरांसारखी दिसते, मला स्वतःला खाववत नाही. चारपाच वर्षांच्या पोरांना अख्खी देऊ नकोस, घशात जाईल, कापून दे.

हात म्हणजे बर्फाचा. पावडर नसलेला नायट्राइलचा हातमोजा, आतून धुऊन, सायडर भरून गाठ मारायची आणि ट्रेवर आडवा, दोन दिवस फ्रीझरमध्ये. पाण्याचा केलास तर वितळून पेय पांचट करतो. मोजा ओढून काढायचा नाही, कात्रीने कापून सोलायचा, ओढलास की बोटं मोडतात. हा थंड पंचमध्ये तरंगवायचा, गरमात नाही हे सांगायला नको.

वेंधळा | १० ऑक्टोबर, सकाळी १०:३०

काळं करायला ॲक्टिव्हेटेड चारकोल! मी एका बारमध्ये प्यायलोय, शाईसारखं काळं, चव काही नाही.

रसायन_राव | १० ऑक्टोबर, सकाळी ११:०४

नको. तो कोळसा विषबाधेत देतात कारण पोटातलं औषधसुद्धा तो धरून ठेवतो. कोणी बीपीची गोळी घेतलेली असते, कोणी गर्भनिरोधक, ती फुकट जाते, आणि पाहुण्यांच्या गोळ्या तुम्हाला माहीत नसतात. न्यू यॉर्क शहराच्या आरोग्य खात्याने २०१८ मध्ये हॉटेलांतून हा प्रकार बंद करायला लावला.

रंगाची गंमत हवी तर गोकर्ण. वाळलेली फुलं गरम पाण्यात टाकली की निळंशार पाणी होतं, त्याचे बर्फाचे खडे करा. आंबट लागलं की निळ्याचं जांभळं होतं, पोरं पेल्याला नाक लावून बघत बसतात. पण गढूळ सायडरमध्ये घालू नका, तपकिरी आणि जांभळं मिळून गटाराचा रंग होतो, स्वानुभव. गाळलेल्या फिकट ॲपल ज्यूसमध्ये किंवा लिंबू-सोड्यात करा.

आता धूर. ड्राय आइस म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८ अंश. हाताला लागला तर भाजल्यासारखी जखम होते, गिळला तर आत काय होईल विचार करा. २०२४ च्या मार्चमध्ये गुरुग्रामला एका हॉटेलात जेवणानंतर मुखशुद्धी म्हणून चुकून हाच दिला गेला, लोक रक्ताच्या उलट्या करत दवाखान्यात गेले. म्हणून कोणाच्याही पेल्यात तुकडा टाकायचा नाही, कितीही सुंदर दिसला तरी. दोन भांडी घ्या, मोठ्या परातीत गरम पाणी आणि ड्राय आइस, त्यात मध्ये पंचचं भांडं. धूर परातीच्या काठावरून खाली ओघळतो, पेयाला स्पर्श नाही. चिमटा आणि जाड हातमोजे. एका किलोतून ५०० लिटरच्या वर वायू निघतो, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात कधी ठेवू नका, डबा फुटतो. गाडीतून आणताना काचा खाली. वायू हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो, आणि जमिनीलगत कोण असतं? रांगणारी पोरं आणि कुत्री. खिडकी उघडी ठेवा, परात उंच टेबलावर, आणि ती हलवायचं काम एकाच शुद्धीतल्या माणसाकडे.

उंडगी_मांजर | १० ऑक्टोबर, दुपारी १२:२०

तो शुद्धीतला माणूस मीच असणार हे उघड आहे.

पुण्यात_पाऊस | ११ ऑक्टोबर, दुपारी ४:१६

आमच्या सोसायटीतल्या पोरांनी पण हॅलोवीन काढलंय यंदा, दिवाळीचे आकाशकंदील अजून लटकत असताना सांगाडे लावणार म्हणे, असो. इथे सायडर कुठून आणू?

आळशी_सुगरण | ११ ऑक्टोबर, दुपारी ४:५०

घरी कर, आता पुण्यातच आहे मी, गेल्या वर्षी केलं होतं. सध्या हिमाचल-काश्मीरची सफरचंदं भरपूर येतात, दिसायला डागाळलेली, लहान असली तरी चालतील, स्वस्त पडतात. साल ठेवून फोडी करायच्या, बिया काढायच्या, मिक्सरमधून थोड्या पाण्यावर फिरवून पंच्याच्या फडक्यात घालून पिळायचं, चक्क्यासारखं टांगून ठेवलंस तरी होतं. रस बघता बघता तपकिरी होतो, होऊ दे, सायडरचा रंगच तो. आपली सफरचंदं गोड फार, आंबटपणा कमी, तेव्हा लिंबू काकूंच्या मापाच्या दुप्पट. कंटाळा आला तर खोक्यातला १०० टक्के रस, साखर घातलेला नको.

पेठेत_राहतो | ११ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:३३

भोपळ्याच्या आतल्या गराचं काय करता? टाकून देता ना? घारगे होतात त्याचे.

बोस्टनची_काकू | ११ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:५८

कोरायच्या भोपळ्याचे नाही होत हो, केले मी एकदा. नुसतं पाणी आणि दोरे, गूळ घातला तर पीठ आणखी सैल. पायसाठी लहान भोपळा मिळतो तो घ्यायचा, त्याचे होतात, जवळजवळ आपल्या डांगरासारखे.

उंडगी_मांजर | २६ ऑक्टोबर, दुपारी ३:०५

झाली पार्टी!! आत्ता उठून पातेली घासली.

सायडर २४ ला आणलं, तीन गॅलन. सिलोन दालचिनी मिळाली. मसाला मोजून घेताना सासूबाई शेजारी उभ्या, "एवढ्याशा लवंगांनी काय होणार आहे" तीनदा म्हणाल्या, मी काकूंचं नाव घेऊन गप्प राहिले. पंचविसाव्या मिनिटाला चाखलं आणि खरंच, आधी सफरचंद, मग संत्रं, आणि गिळल्यावर दालचिनी घशाशी येऊन थांबते. लिंबू-मीठ घालायच्या आधीचं आणि नंतरचं नवऱ्याला चाखायला दिलं तर म्हणे दुसरं सायडर कुठून आणलंस. पुरचुंडी बाहेर काढून मी ती चक्क बाहेरच्या कचऱ्यात टाकून आले, मोह नको.

ॲपलजॅक निम्म्याहून जास्त संपलं, बर्बन तसंच राहिलं. मापाचं पेलं दोरीने बांधलं होतं, दोरी कोणीतरी साडेनऊला कापली.

अमृत कोकम हिट आहे फणसगऱ्या! पण मी जरा जास्त आटवलं, गार झाल्यावर चिक्कीसारखं कडक झालं, परत पाणी घालून सैल केलं. हाताची दोन बोटं मोडलीच, मोजा कापताना मुलाने घाई केली, पण चुकून जास्त खरं दिसलं. तुटलेलं एक बोट शेजारच्यांच्या धाकट्याने खिशात घालून घरी नेलं, आज सकाळी त्याच्या आईचा मेसेज, सोफ्यावर काय सांडलंय विचारत होती. धूर राव म्हणतात तसा परातीतच केला, दहाएक मिनिटं सगळे फोन काढून उभे, मग कोणी बघेना.

खाण्यात भाऊबीजेचा उरलेला फराळ काढला होता. गरम सायडर आणि भाजणीची चकली, लिहून ठेवा हे. ज्यांनी औषध आहे का विचारलं होतं त्या शेजारीण बाईंनी तीन पेले घेतले आणि पाकृ मागितली, चकलीची पण.

सासूबाईंनी बिनदारूचं दोन मग घेतलं. बरं झालंय म्हणाल्या. फक्त जरा गवती चहा हवा होता, आणि थोडी मिरी.

आळशी_सुगरण | २६ ऑक्टोबर, दुपारी ३:११

खिक्! काढासासू!

वेंधळा | २६ ऑक्टोबर, संध्याकाळी ५:४०

मी पण केलं काल, अर्धा गॅलन उरलंय, पुरचुंडी आतच राहिलीये रात्रभर. आता?

बोस्टनची_काकू | २६ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:०२

आता मध घालून पी आणि झोप.